बंद न झालेली बैठक

खडसे गेल्याचा मेसेज आला तेव्हा आम्ही चौघे माझ्याच दिवाणखान्यात चहा पीत होतो. साकेत नगरात राहणाऱ्या आमच्या पाचव्या मित्रानं तो ग्रुपवर टाकला होता. त्या ग्रुपमध्ये खडसेंना मी कधी घेतलंच नव्हतं.

दिनकर खडसे इस्पितळातून निवृत्त झालेले लॅब टेक्निशियन. मी कारखान्यातला इंजिनिअर, त्यातही नागपूरचा, म्हणजे अक्कल जन्मतःच मिळालेली. परप्रांतातल्या या शहरात आठवडाभर हिंदीत वावरणारी आम्ही काही मराठी माणसं रविवारी सकाळी बिट्टन मार्केटातल्या एका टपरीवर जमायचो आणि कॉम्प्युटरवर बोलायचो. घरात कुणाला त्यात रस नाही, मुलांना विचारावं तर म्हणतात, बाबा, नेटवर बघा ना. एका रविवारी भाजीची पिशवी पायाशी ठेवून खडसे शेजारी बसून ऐकत होते. मग हळूच म्हणाले, "मी रोज... म्हणजे दर रविवारी आलो तर चालेल का?" मीच सरकून त्यांना जागा करून दिली. माझ्याबद्दल सांगण्यासारखं चांगलं तेवढंच आहे.

माणूस लाघवी, पण प्रश्न फार. आयुष्य सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यात गेलेलं, त्यामुळे डोळ्यांना दिसल्याशिवाय काही पटायचं नाही. घरी जुना कॉम्प्युटर खोलून त्याचे भाग वर्तमानपत्रावर मांडून बसायचे. आम्ही एआयमुळे जगाचं काय होणार यावर तावातावानं बोलत असू आणि खडसे मध्येच विचारत, फोटो पुसला म्हणजे आत नेमकं काय होतं? मी म्हणायचो, अहो, तुम्हाला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. ते हसायचे... खरं सांगू? मला उत्तर येत नव्हतं. एकदा बँकेतले एक नवे गृहस्थ आलेले असताना खडसेंनी तेच विचारलं. मी काहीतरी ठोकून दिलं. खडसेंनी ते वहीत लिहून घेतलं आणि म्हणाले, "पण मग पुसलेले फोटो दुकानवाला परत कसे काढून देतो?" मला खाली पाहायला लावावं असं त्यांच्या मनातही नव्हतं, त्यांना फक्त समजून घ्यायचं होतं. माझ्या मात्र अंगाचा तिळपापड झाला.

पुढच्याच आठवड्यात मी बैठक माझ्या घरी आणली. खडसेंना फोन करून सांगितलं की आपलं ते आता बंद झालं, कुणाला सवडच होत नाही. "अरेरे," ते म्हणाले. "पुन्हा सुरू झालं तर कळवा हं." बाकीच्यांना सांगितलं, खडसेंना जमत नाही म्हणे. दोनेक महिन्यांनी एका रविवारी मी बैठकीआधी स्कूटरवरून दही आणायला निघालो, तर खडसे टपरीच्या बाकावर एकटेच, वही मांडीवर घेऊन, येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघत बसलेले. मी स्कूटर वळवली. दही दुसरीकडून घेतलं.

ते गेल्यावर तीन आठवड्यांनी वहिनींना भेटायला गेलो. त्यांनी पोहे पुढे ठेवले आणि माझेच आभार मानायला लागल्या. खडसे शेवटपर्यंत दर रविवारी बैठकीला जात होते म्हणे, आणि घरी येऊन तिथलं सगळं त्यांना सांगत. आज साहेबांनी हे समजावलं, आज ते. मी कधीच न सांगितलेल्या गोष्टी वहिनी माझ्या नावावर मला सांगत होत्या, आणि त्या सगळ्या बरोबर होत्या. स्वतः वाचून, खटपट करून शिकलेलं त्यांनी माझ्या पदरात टाकलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग वहिनींनी विचारलं, "शेवटच्या रविवारी अंगात ताप होता. नका जाऊ म्हटलं, तर म्हणाले, सगळे वाट बघत असतील. असं काय होतं हो त्या दिवशी?"

"होतं... एक महत्त्वाचं," मी म्हणालो. त्यांनी समाधानानं मान हलवली आणि आणखी पोहे वाढले. मी ते खाल्लेसुद्धा.

वहिनी वर्तमानपत्राची ही पुरवणी वाचतात. समोर बसून बोलायची माझी छाती झाली नाही, म्हणून इथं लिहितो. वहिनी, त्या दिवशी तिथं काहीच नव्हतं. कुणीही वाट बघत नव्हतं. आम्ही सगळे माझ्या घरी बसलो होतो, आणि खडसे कुठं असतील ते मला माहीत होतं.