सातवा दोरा

वसंतकाकांच्या घरी आलेल्या प्रत्येकाला बेसमेंटमध्ये एकदा चालून दाखवावं लागे. अमेरिकेतल्या आमच्या श्रूजबरी गावातल्या गराज सेलमधून जमवलेले फिल्मचे बारा कॅमेरे तिथे ओळीनं मांडलेले असत. प्रत्येक कॅमेऱ्यापासून समोरच्या भिंतीपर्यंत एक काळा दोरा. माणूस त्या भिंतीच्या कडेनं चालत गेला, की दोरे एकेक करून तुटत आणि बारा फोटो निघत.

"धावणाऱ्या घोड्याचे चारही पाय एकदम उचलले जातात, हे असेच कॅमेरे आणि दोरे लावून कळलं," ते पहिल्याच भेटीत म्हणाले. "डोळ्यांवर जाऊ नकोस. डोळे सरासरी काढतात."

मी घोड्याबद्दल काही विचारलं नव्हतं. आईनं दिलेला डबा पोचवायला आले होते. आठवड्यानं त्यांनी माझे फोटो दाखवले. "बघ, तू जमिनीची परवानगी घेत चालतेस."

त्यानंतर मी दर शनिवारी दोरे बांधायला जाऊ लागले. तिथे फारसं बोलावं लागत नसे.

गेल्या वर्षी काकांना स्ट्रोक आला. त्यांचा मुलगा निखिलदादा दूर पश्चिम किनाऱ्यावर, बेलव्ह्यूला असतो. तो फोनवर म्हणाला, "बाबा, घर विकू या. इकडे या."

"मी नीट चालतोय. प्रूफ पाठवतो," काका म्हणाले.

मग दर महिन्याला बारा फोटो बेलव्ह्यूला जाऊ लागले. मान ताठ, हात मोकळे. निखिलदादानं विषय सोडला.

मी तिथेच उभी असे, म्हणून मला दिसे. सहावा दोरा तुटला की काका भिंतीला हात टेकत आणि सातव्याच्या आधी काढून घेत. कधी चुकले नाहीत.

फेब्रुवारीत ते जिन्यात पडले आणि दोन तास तिथेच होते. मी डबा घेऊन गेले, तेव्हा ते मला सापडले.

"हे फोटोत नाही, म्हणजे झालं नाही," ते म्हणाले. मी मान डोलावली.

पुढच्या शनिवारी मी सातवा कॅमेरा आणि त्याचा दोरा वीतभर अलीकडे घेतला.

फोटो धुऊन झाल्यावर काका सातवा बराच वेळ बघत राहिले. भिंतीवर पूर्ण उघडा पंजा. आणि चेहऱ्यावर भीती, जी मलाही समोर उभं राहून कधी दिसली नव्हती.

"दोरा कोणी हलवला?"

"मी."

"विचारायचं तरी."

"तुम्ही नाही म्हणाला असतात."

"ऑफ कोर्स नाही म्हणालो असतो."

त्यांनी बाराही फोटो क्रमानं पाकिटात घातले, पत्ता लिहिला आणि पाकीट माझ्याकडे दिलं. "तूच टाक. मी गेलो तर वाटेत विचार बदलेन."

मी टाकलं. जूनमध्ये निखिलदादा त्यांना न्यायला आला. विमानतळावर व्हीलचेअर आणली, तेव्हा काका नाही म्हणाले नाहीत.