आईचा परदेश दौरा, सोनिवलीपर्यंत

माझा मोठा भाऊ कशाचाही फ्लेक्स लावू शकतो. पोरगा दहावीत कसाबसा पास झाला, फ्लेक्स. स्वतःचा वाढदिवस, दरवर्षी फ्लेक्स. एकदा वॉर्डातल्या गटाराचं झाकण बदललं, तर झाकणाच्या फोटोसकट फ्लेक्स. त्यामुळे धाकट्या भावाच्या बायकोच्या बाळंतपणाला आईने कॅनडाला जायचं ठरलं, तेव्हा बदलापूर गावातल्या आमच्या नाक्यावर काय होणार हे ओळखायला ज्योतिषी लागत नव्हता. मी अंबरनाथ पूर्वेला राहते, सासरी. आदल्या दिवशी माहेरी आले तर रिक्षातूनच दर्शन झालं. मधोमध आई, कुणाच्या तरी लग्नातला फोटो, बिचारीचे डोळे अर्धे मिटलेले. तिच्या दुप्पट आकाराचा दादा, हात जोडून. वर त्याच्या पक्षाचे साहेब. खाली शुभेच्छुकांची रांग, ज्यातले निम्मे आईला ओळखतसुद्धा नाहीत. आणि मजकूर काय, तर 'परदेश दौऱ्यासाठी हार्दिक शुभेच्छा'.

दौरा म्हणे. सुनेला शेक-शेगडी करायला आणि नातवाला न्हाऊ घालायला निघालेल्या बाईचा दौरा.

दादाला पुढच्या निवडणुकीचं तिकीट हवं आहे. मिळणार नाही हे नाक्यावरच्या पानवाल्यालाही माहीत आहे, पण दादाला कोण सांगणार. धाकट्याची बायको सोडली तर आमच्या घराण्यात विमानात बसणारी आई पहिलीच बाई, एवढं भांडवल त्याला पुरलं. घरी बुद्धवंदना झाली, ती रीतच आहे, ती छान झाली. पण त्यानंतर मंडपात सत्कार. शाली, गुच्छ, भाषणं. एका कार्यकर्त्याने तर आई जणू तिकडच्या सरकारला भेटायला चालली आहे असं भाषण ठोकलं. आई खुर्चीत अंग चोरून बसली होती आणि मला कानात विचारत होती, डिंकाचे लाडू वरच्या कप्प्यात ठेवले ना गं.

बॅग मी आणि आईने उल्हासनगरहून आणली होती. तिथल्या सिंधी दुकानदाराने बॅगेवर स्वतः उभं राहून दाखवलं होतं, बघा अम्मा, हाथी भी बैठ जाएगा. हत्ती काही बसला नाही, पण लाडू, हळीव, सुकटीची चटणी आणि बाळाची दुपटी बसली. सगळं आईने भरलं. त्यात कुणाचा फोटो निघत नव्हता, म्हणून दादाने त्या कामाकडे फिरकूनही पाहिलं नाही.

आईच्या जिवाला मात्र वेगळाच घोर होता. पप्पा तिच्याशी बोलत नव्हते. अंबरनाथच्या एका कारखान्यातून रिटायर झालेला माणूस, मुळातच बोलायला कंजूष. त्यात मागे हार्टचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून आणखीच गप्प. पण शेवटच्या आठवड्यात त्यांनी आईशी बोलणं जवळजवळ बंदच केलं. चहा ठेवू का, तर मान हलवायची. गोळी घेतली का, तर मान हलवायची. आईने मनाशी धरलं की मी सहा महिने चालले, त्यांना अशा तब्येतीत टाकून चालले, म्हणून हे रागावलेत. ती मला म्हणाली, ह्यांनी एकदा तोंडाने 'जा' म्हणावं, मग मी सुखाने जाईन. न बोलता गेले आणि मागे काही झालं, तर?

निघायच्या दिवशी सकाळी ती त्यांचा निरोप घ्यायला आतल्या खोलीकडे वळली, तेवढ्यात दादाने तिला कोपराला धरून बाहेर ओढलं. साहेबांचा माणूस हार घेऊन आला होता आणि त्याला पुढे दुसरीकडे जायचं होतं. आईने दारातूनच आत पाहिलं. पप्पा खाटेवर पाठमोरे बसले होते, खिडकी बंद, खोलीत अंधार. मी निघते हं, असं ती म्हणाली. बाहेर ताशावाल्यांनी तेव्हाच सुरुवात केली. पप्पांना ऐकू गेलं की नाही, ते काही बोलले की नाही, काहीच कळलं नाही. हो, ताशे. बाळंतपणाला निघालेल्या बाईपुढे ताशे वाजवणारा माझा भाऊ जगात एकटाच असेल.

दोन मोठ्या गाड्या एअरपोर्टला निघाल्या. आमच्या गाडीत दादा, वहिनी, मामा आणि फोटो काढणारे दादाचे चेले. दुसरी गाडी तर शुभेच्छुकांनी खचाखच भरलेली. त्यांना कॅनडाशी घेणंदेणं नव्हतं, येताना हायवेला जेवण होतं. मी सगळ्यात मागे, बॅगेला चिकटून. आई वाटभर खिडकीबाहेर बघत होती. मध्येच तिने पप्पांना फोन लावला. त्यांनी उचलला नाही. ते मोबाइल कुठेतरी ठेवून विसरतात, हे तिला माहीत आहे, तरी तिने परत लावला.

एअरपोर्टच्या दारात फोटोंचा कार्यक्रम झाला आणि आई एकटी आत गेली. ती काचेपलीकडच्या लायनीत जेमतेम उभी राहते न राहते, तोच दादाच्या मोबाइलवर स्टेटस झळकलं. 'आई विमानात. गरुडझेप.' विमान कुठे, आई कुठे. मी म्हटलं, अरे, तिची बॅग तरी जाऊ दे. तो म्हणाला, लोक वाट बघतायत. कोण लोक, ते मी विचारलं नाही. शुभेच्छुकांची गाडी जेवायला सुटली. आम्ही बाहेर कठड्यावर बसून राहिलो.

मग आईचे फोन सुरू झाले. आधी म्हणाली, थोडा उशीर आहे म्हणतात. मग म्हणाली, आणखी थोडा. कारण विचारलं की काउंटरवरची मुलगी गोड हसून इंग्रजीत काहीतरी सांगायची, आई ते मला फोनवर जसंच्या तसं सांगायचा प्रयत्न करायची आणि दोघींनाही काही कळायचं नाही. दुपार कलल्यावर शेवटचा फोन आला. विमान बिघडलंय, उद्या दुपारी जाईल. बाहेरगावच्यांना हॉटेल आणि आसपासच्यांनी आपापल्या घरी जावं. आई बॅग ढकलत बाहेर आली. दमली होती, पण चेहरा मला खुललेला वाटला. म्हणाली, बरंच झालं. घरी जाऊन ह्यांच्याशी नीट बोलून येते.

दादाचा चेहरा मात्र पडला. तो बाजूला जाऊन फोनवर कुजबुजला, परत आला आणि म्हणाला, घरी नाही जायचं. मला वाटलं, परतपावली येणं वाईट वगैरे काही डोक्यात आलं असेल. पण तसलं काही आमच्यात कुणी मानत नाही. शकुन-अपशकुन आजोबांनीच घराबाहेर काढले, आणि रिकाम्या झालेल्या जागेवर माझ्या भावाने फ्लेक्स आणून बसवला. त्याचं म्हणणं असं की नाक्यावर फ्लेक्स आहे, स्टेटसला गरुडझेप आहे, साहेबांनी स्वतः अंगठा टाकलाय. आता आई घरी दिसली तर विरोधक आयुष्यभर हसतील. एका रात्रीचा तर प्रश्न आहे. घराजवळच सोनिवलीला त्याने नवा फ्लॅट घेतलाय, तिथे राहा. पप्पांना सांगायचं नाही, ते शेजाऱ्यांना बोलून जातील. मामाने मान डोलावली. मामा त्याच्या पैशाने जेवला की अशीच मान डोलावतो.

सोनिवलीचा फ्लॅट म्हणजे चार भिंती आणि रंगाचा वास. पंखा नाही, पाणी खालून बादलीने आणायचं. आई हॉलच्या मधोमध त्या उल्हासनगरच्या बॅगेवर बसली. कॅनडाला निघालेली बाई घरापासून हाकेच्या अंतरावर, रिकाम्या फ्लॅटमध्ये लपून. वहिनी खाली चादर शोधायला गेली. दादा गॅलरीतून कुणाला तरी सांगत होता, हो हो, टेकऑफ मस्त झालं.

आईने ते ऐकलं. मग ती उठली आणि त्याला म्हणाली, "मी काय चोरी करून आलेय? मला माझ्या नवऱ्याला भेटायचंय."

त्याने समजावलं, हात जोडले, अगदी फ्लेक्सवर जोडलेत तसे. मी खाली उतरून रिक्षा बोलावली आणि बॅग स्वतः खेचत आणली. दादा मागे धावत आला. जायचंच तर निदान मागच्या रस्त्याने जा, म्हणाला. मी रिक्षावाल्याला मुद्दाम नाक्यावरून घ्यायला सांगितली.

नाक्यावर काय आकाश कोसळणार होतं? भाजीवाली मावशी म्हणाली, काय ओ, विमान लेट का? आई हो म्हणाली. मावशी म्हणाली, माझ्या भाच्याचं पण झालं होतं तसं, आणि कोथिंबिरीवर पाणी मारायला लागली. बस, एवढंच. ज्यासाठी माझ्या भावाने आईला उंदरासारखं बिळात कोंबलं होतं, ते सगळं एवढंच होतं.

दार उघडंच होतं. पप्पांचं जेवण बघायला ठेवलेली शेजारची काकू ओट्यापाशी भांडी विसळत होती. आईला बघून ती दचकली. मग हळूच म्हणाली, सकाळपासून तसेच बसलेत. जेवले, पण अंगावरचं काही उतरवलं नाही.

आम्ही आत गेलो. काकूने लाइट लावला. पप्पा खाटेवर बसले होते. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, लग्नाकार्याला घालतात ती पँट, केस पाणी लावून बसवलेले. पायात बूट, नाड्या बांधलेल्या.

आई त्यांच्यासमोर उभी राहिली. म्हणाली, अहो, विमान लेट आहे, उद्या जायचंय. मग तिने विचारलंच. "तुम्ही माझ्यावर रागावलात ना?"

पप्पा म्हणाले, "मी कशाला रागावू? मला यायचं होतं तुला सोडायला. थोरल्याला आठवडाभर सांगत होतो. गाडीत जागा नाही म्हणाला."

आई म्हणाली, मला का नाही सांगितलंत? ते म्हणाले, सांगितलं असतं तर तू जायच्या तोंडावर पोराशी भांडली असतीस, म्हणून गप्प होतो. मग खाली बुटांकडे बघत म्हणाले, "तरी तयार होऊन बसलो. म्हटलं, ऐनवेळी हाक मारतील."

मला रडू आलं आणि त्याहून जास्त संताप आला. चेल्यांना जागा होती. हायवेच्या जेवणावर डोळा ठेवून आलेल्यांना एक अख्खी गाडी होती. दादा तोवर मागून येऊन दारात उभा होता. पप्पांची तब्येत, ऊन, एवढा प्रवास, असं काहीतरी पुटपुटला. आईने त्याच्याकडे वळून पाहिलंही नाही. ती खाली फरशीवर बसली, पप्पांच्या बुटांच्या नाड्या सोडायला लागली आणि तशीच म्हणाली, "उद्या तू येऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी आम्ही साधी टॅक्सी केली. पुढे मी, मागे ते दोघं. वाटेत फार बोलले नाहीत, पण आई मधूनमधून गोळ्यांच्या वेळा सांगत होती आणि पप्पा प्रत्येक वेळी तोंडाने हो म्हणत होते. एअरपोर्टच्या दारात ते ट्रॉलीला धरून उभे राहिले. आईने विचारलं, मग जाऊ ना? पप्पा म्हणाले, जा. बाळाला जप. आई ट्रॉली घ्यायला पुढे झाली, पण पप्पांनी ट्रॉलीवरचा हात काढला नाही.

"विमान लेट झालं, रद्द झालं, काही झालं तरी घरी ये," ते म्हणाले. "दुसरीकडे कुठे राहू नकोस. मी घरीच आहे."