गिटारवाल्या म्हाताऱ्याची बैठक

शामला आमच्या थाटीपुरच्या शाळेत भूगोल शिकवते. पोरांकडून खंड आणि महासागर घोकून घेते, स्वतः मात्र चार वर्षांत कंपू भागातल्या दवाखान्यापलीकडे गेलेली नाही. मी तिची शेजारीण आणि त्याच शाळेतली, त्यामुळे तिच्याबद्दल बोलायचा हक्क मी परस्परच घेतला आहे.

तिचे वडील मधुसूदनराव गाण्याचे मास्तर. त्यांनी गाणं शिकवलं ते धाकट्या राघवला. शामलाने पंधराव्या वर्षी मैत्रिणीची गिटार घरी आणली, तर "हे डबडं आधी परत दे," एवढंच बोलले. राघव पुढे पुण्याला जाऊन इंजिनिअर झाला. आता तो न्हाणीघरातसुद्धा गुणगुणत नाही.

मग चार वर्षांपूर्वी मधुसूदनरावांची डावी बाजू लुळी पडली. लग्न न झालेली मुलगी घरात असली की आजारपण कोणी काढायचं, हा प्रश्न कोणाला पडतच नाही. शामलालाही पडला नाही. शाळा, घर, औषधं, परत शाळा.

दुपारी वडील झोपले की ती कानात इअरफोन घालून एका अमेरिकन ब्लूज गिटारवाल्याच्या मैफलीची फिल्म बघायची. म्हातारा, अंगाने जाडजूड, खुर्चीत बसून वाजवणारा. एकेक सूर असा ओढायचा की हिचे डोळे भरून यायचे. दिवसातला तेवढाच तास तिचा होता.

एके दिवशी इअरफोन बिघडले, गिटार मोठ्याने वाजली आणि आतल्या खोलीतून वडिलांचा आवाज आला, "अरे, हा कोण आहे? एकदम सुरात आहे, भई!"

झालं! तेव्हापासून रोज संध्याकाळी टीव्हीवर तीच फिल्म. भैरवी होईपर्यंत बैठकीतून उठायचं नाही, हा त्या घरचा जुना दंडक. तो आता टीव्हीलाही लागू झाला. दूध उतू गेलं तरी शामलाने जागेवर बसायचं. मधुसूदनराव उजव्या हाताने मांडीवर सम शोधायचे, सापडली की "क्या बात है!" म्हणायचे. म्हणजे तिचा तो तासही गेला. मला तर संताप यायचा.

शेवटी मीच राघवला फोन करून चांगला झाडला. तो आला. बाबांना सहा महिने पुण्याला नेतो म्हणाला. शामलाने पाटणकर बाजारातल्या गिटारच्या क्लासात नावसुद्धा घातलं. एक्कावन्नाव्या वर्षी! मला सांगताना नव्या नवरीसारखी लाजली. आता फक्त बाबांनी हो म्हणायचं बाकी होतं.

संध्याकाळी फिल्म चालू असतानाच राघवने विषय काढला. मी तिथेच होते.

"बाबा, माझ्याकडे मोठा टीव्ही आहे. तिथे रोज हेच लावून देईन."

मधुसूदनरावांनी पडद्याकडे बोट केलं. "हा आत्ता कोणत्या सुरावर थांबला, सांग."

राघवने खांदे उडवले. त्यांनी शामलाकडे पाहिलं.

"गंधारावर नाही आला, बाबा," ती म्हणाली. "जरासा अलीकडेच थांबला. मुद्दामच."

मधुसूदनरावांचा चेहरा फुलला. "कान हिला आहे! मी हिच्याशिवाय कोणाबरोबर ऐकणार नाही. बिल्कुल नाही."

"बघ ताई, बाबांनी स्वतःच बोलून टाकलं," राघव म्हणाला. "आता मी जबरदस्ती कशी करू?" आणि तिथेच बसून फोनवर परतीचं तिकीट शोधायला लागला. सुटल्याचा आनंद त्याला लपवताही येत नव्हता.

शामला उठली आणि स्वयंपाकघरात गेली. मी तिच्या मागोमाग.

"नाही म्हण ना!" मी तिला अक्षरशः हलवलं. "जा म्हणावं पुण्याला!"

"कसं म्हणू?" ती ओट्याला टेकून उभी होती. "उभ्या जन्मात त्यांनी मला पहिल्यांदा चांगलं म्हटलं. मला आनंद झाला ग. आणि त्याचाच इतका राग येतोय!"

बाहेर गिटार थांबली.

"शामले," मधुसूदनरावांची हाक आली. "ये, बेटा. तुझ्यासाठी थांबवून ठेवलंय."

तिने डोळे पुसले आणि गेली.