इशिबाराचा समुद्र

कान्सुके आणि मी एदो शहरातल्या एकाच छापखान्यात वीस वर्षं शेजारी बसलो. चितारी चित्र काढायचा, कोरणारा ते लाकडी फळ्यांवर उतरवायचा आणि फळ्यांना रंग लावून कागदावर ठसे घ्यायचो आम्ही. एदोहून क्योतोला जाणाऱ्या तोकाइदो रस्त्यावरच्या मुक्कामांची चित्रं तेव्हा हातोहात खपत. निळा रंग वरून खाली विरवत नेण्यात कान्सुकेचा हात धरणारा कोणी नव्हता.

एका वसंतात दुकानात एक बाई आल्या. गवती चपला झिजलेल्या, हातात आमचंच चित्र. नाव ओतोयो, इशिबारा मुक्कामावर त्यांची सराई होती.

"हा समुद्र कुणी घातलाय?"

"का, आवडला नाही?" मालकांनी विचारलं.

"आमच्याकडे समुद्रच नाही. लोक हे चित्र बघून वरची खोली मागतात आणि खिडकी उघडली की माझ्यावर डाफरतात. परवा एकानं तर मला लबाड म्हटलं."

"बाई, चित्र आहे ते, नकाशा नव्हे," असं म्हणून मालक हसत आत गेले.

कान्सुके हात पुसत उठला. "समुद्र मी भरलाय. चूक झाली म्हणा."

"मग एकदा येऊन बघा तरी."

"मी पहिल्या मुक्कामाच्या, शिनागावाच्या पुढे कधी गेलो नाही."

"पाय आहेत ना?"

 कान्सुकेची बायको जाऊन सात वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. शरदात रजा मागून तो खरंच निघाला.

महिन्याभरानं परतला तो उन्हानं रापून. "खिडकीतून डोंगरापर्यंत भातशेती दिसते," मला म्हणाला. "पिकलेली. दोन दिवस नुसता बघत बसलो. तिसऱ्या दिवशी ओतोयोबाईंनी हातात विळा दिला. म्हणाल्या, बघून भात कापलं जात नाही."

मग चित्र बदलू द्या म्हणून तो मालकांच्या मागे लागला. कोरणाऱ्यानं फळीवरची होड्यांची शिडं तासून काढली, समुद्राच्या फळीला कान्सुकेनं पिवळा लावला. मालकांनी कुरकुरत पन्नास प्रती काढू दिल्या. एदोत बारा खपल्या. "शेतं काय, दाराबाहेर गेलं की दिसतात," मालक म्हणाले. आणि समुद्राचं चित्र पुन्हा छापायला घेतलं.

उरलेल्या प्रती पाठीवर घेऊन कान्सुके पुढच्या शरदात इशिबाराला गेला तो परत आलाच नाही. निरोप आला: माझे ब्रश पाठवून दे, ओतोयोबाईंनी ठेवून घेतलंय.

दहा वर्षांनी मी तिकडे गेलो. जिन्यापाशी पिवळं चित्र टांगलेलं होतं. तरी एक पाहुणा समुद्राची चौकशी करतच होता आणि ओतोयोबाई त्याला शांतपणे अर्ध्या दिवसाची वाट सांगत होत्या.

कान्सुके शेतातून आला. बोटं जाड झाली होती. "आता निळा विरवायला जमायचं नाही रे," तो म्हणाला, पण वाईट वाटल्यासारखं नाही.

"आधी जेवा," ओतोयोबाई म्हणाल्या, "मग काय रडायचं ते रडा दोघं."

नव्या तांदळाचा भात होता आणि अळंब्यांचं सार. आम्ही दोनदा वाढून घेतलं.