नांगराच्या साखळीवरचा हात

त्या माणसाचा तळहात मला अजून दिसतो. माझ्या टेबलावर पालथा ठेवलेला, बोटं फाकलेली, आणि तो स्वतः मान वाकवून त्या हाताकडे लक्ष देऊन बसलेला. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, विहिरीतून प्रेतं काढली. त्यातलं बरंच विसरलो. हा हात विसरत नाही.

मी तेव्हा यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. ठाण्याचं नाव सांगत नाही, कोणाचंच सांगणार नाही. सोयाबीन आणि कापसाचा मुलूख. हद्दीत सात-आठ तांडे. दिवाळी झाली की तांड्यांतली धडधाकट माणसं ऊसतोडीला जातात आणि मागे म्हातारी माणसं, कोंबड्या आणि दाराला काटेरी फांद्या लावलेली घरं उरतात. त्या दिवसांत आम्हा पोलिसांना जरा श्वास घ्यायला मिळतो, कारण भांडायलाच कोणी नसतं.

अशाच एका दुपारी मी आवक टपाल पाहत बसलो होतो. बाजारहाटीच्या तक्रारी, मोबाइल टॉवरच्या चोरलेल्या बॅटऱ्यांबद्दलचं दुसरं स्मरणपत्र, बंदोबस्ताचे आदेश. तेवढ्यात एका तांड्याचे नायक आले. नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख. हे गृहस्थ सत्तरीचे, कधी विनाकारण ठाण्याची पायरी चढणारे नव्हेत. पाणी प्यायले आणि म्हणाले की तक्रार काही नाही, तुम्ही एकदा तांड्यावर येऊन जा. त्यांच्याकडचा एक माणूस जहाजावर खलाशी होता. बापाच्या मरणाची खबर त्याला लागली नाही. आता अचानक परत आलाय, आणि तांडा त्याला घाबरतोय.

"काहून घाबरता? काही केलं का त्यानं?"

"केलं काई नाई साहेब. त्याची माय त्याच्या गळ्यात पडून रडली नाई."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. नायकांनी समजावून सांगितलं. त्यांच्यात दूर गेलेला माणूस घरी आला की बाया त्याच्या गळ्यात पडतात आणि सुरात रडतात. तो नसताना काय काय झालं, कोण मेलं, कोण जन्मलं, सगळं त्या रडण्यात सांगतात. त्यालाही त्याचं सांगावं लागतं. त्या रडण्यात खोटं बोलत नाहीत. आणि या म्हातारीनं नवरा गेलेला असताना, दोन वर्षांनी आलेल्या पोराला नुसतं ताट वाढलं.

"लोक म्हनून राह्यले, हा तो नव्हेच. दुसरंच कोनी आलं त्याचं तोंड घेऊन."

मी हसलो नाही, पण हसू आलं होतं. नायकांना चहा पाजला आणि पाठवून दिलं.

दोनच दिवसांनी अधीक्षक कार्यालयामार्फत किनाऱ्यावरच्या एका तपास पथकाचं पत्र आलं, आणि त्यात त्याच खलाशाचं नाव. समुद्राच्या तळाशी केबल टाकलेल्या असतात, त्यांतून देशोदेशीचं बोलणं आणि इंटरनेट जातं. अशी एक केबल दूरच्या समुद्रात तुटली होती. त्याच वेळी तिथून एक मालवाहू जहाज नांगर तळावरून ओढत गेलं होतं. घातपाताचा संशय होता. जहाजाच्या कप्तानानं आणि मुख्य अधिकाऱ्यानं लेखी दिलं होतं की नांगराचा ब्रेक या खलाशानं कोणाच्याही हुकमाशिवाय सोडला, त्याला बाहेरून कोणीतरी फितवलं असावं. आम्ही चार दिवसांत त्याचा जबाब नोंदवून पाठवायचा होता. समाधानकारक खुलासा झाला नाही तर पथक येऊन त्याला ताब्यात घेणार होतं. एवढ्या मोठ्या आरोपात आत गेलेला तांड्यावरचा माणूस किती वर्षांनी बाहेर येईल, हे मला सांगायची गरज नव्हती.

नोटीस पाठवली, तो आला. तिशीचा, काटक, खांदे रुंद. खुर्चीवर बसला आणि हात टेबलावर पालथा ठेवला. जहाजावर कधी चढलास, काम कोणतं, एवढं नीट सांगितलं. ब्रेकचा विषय निघाला की गप्प. मी गोडीनं विचारलं, दमात घेऊन विचारलं, आमचे सगळे रस्ते वापरून पाहिले. गुन्हेगाराचं गप्प बसणं मला ओळखता येतं. तो समोरच्याचं तोंड न्याहाळत असतो, तुम्हाला किती माहीत आहे ते मोजत असतो. हा माझ्याकडे बघतही नव्हता. तो हाताखाली काहीतरी शोधत होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या हजेरीआधी त्यानं एकच वाक्य उच्चारलं. "साहेब, खाली कोनी तरी ओढून राह्यलं."

मी मूळचा राजूरचा. तिथं खाणीत सुरुंग उडाला की आवाजाच्या आधी जमीन पायाला सांगायची, भांडी मांडणीवर हलायची. लहानपणी आम्हीही फरशीवर हात टेकून वाट पाहायचो. म्हणून मी त्याच्या हाताशेजारी माझा हात ठेवून पाहिला. टेबल थंड होतं. बाकी काही नाही.

ठाण्यात एक महिला हवालदार होत्या, तांड्याच्याच समाजाच्या, वीसेक वर्षं नोकरी झालेल्या. त्या मला म्हणाल्या, "सर, हा इथं बोलणार नाही. त्याच्या याडीला रडू द्या." याडी म्हणजे आई. मी म्हणालो, जबाब नोंदवायची ही पद्धत कोणत्या पुस्तकात आहे? त्या म्हणाल्या, पुस्तकात नाही, म्हणूनच सांगते.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी आम्ही तांड्यावर गेलो. इतकी शांतता मी दिवसाउजेडी कधी ऐकली नाही. एकेका घराच्या दाराला काटे. कुत्रीसुद्धा भुंकली नाहीत, नुसती उठून दूर जाऊन बसली. तांड्यामागच्या टेकाडावर टॉवर, आणि टॉवरशेजारच्या विजेच्या खांबाला आधार देणारी, जमिनीत रोवलेली ताणाची तार पकडून तो खलाशी उभा होता. तळहात तारेवर, डोळे मिटलेले. नायकांनी हळूच सांगितलं की रोज असाच उभा असतो, दोन-दोन तास.

घरात म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. पोरानं येताच तिला पायावर हात ठेवून विनवलं होतं की माझ्या गळ्यात पडू नको. तिनं ते पाळलं होतं. हवालदारबाई तिच्याजवळ बसल्या, टोपी काढून बाजूला ठेवली, म्हातारीच्या गळ्यात हात टाकला आणि गेलेल्या म्हाताऱ्यासाठी स्वतःच सुरात रडायला लागल्या. नोकरीतला माणूस असा रडताना मी पहिल्यांदा पाहिला. खोटं नव्हतं ते. थोड्या वेळानं त्यात दुसरा आवाज मिसळला, खरखरीत, तळातून आलेला. आणि मग तो दारात दिसला. म्हातारी उठली, धडपडत गेली आणि तिनं त्याचा गळा धरला.

ते सगळं त्यांच्या गोरबोलीत होतं. हवालदारबाई डोळे पुसत मला अर्थ सांगत होत्या. आई म्हणत होती, तुझ्या बापानं नऊ दिवस वाट पाहिली. मी फोन घेऊन टेकाडावर चढले, झाडाला बांधून ठेवला, फोन मेल्यासारखा होता. शेवटी तुझा बाप दाराकडे तोंड करून गेला. तेव्हा तू कुठं होतास?

आणि त्याला उत्तर द्यावं लागलं. तेही त्याच सुरात आलं, मोठ्या पुरुषाच्या भरड्या गळ्यातून, ऐकवत नव्हतं. जहाज चालू असताना मुख्य अधिकारी त्याच्याजवळ आला आणि ब्रेक सोड म्हणाला. तो म्हणाला, जहाज चालू आहे. अधिकारी म्हणाला, सांगतो तेवढं कर. त्यानं ब्रेकचं चाक फिरवलं. नांगर तळाला लागला की नाही हे पाहायला खलाशी ताठ झालेल्या साखळीवर हात ठेवतात. नांगर घट्ट रुतला असेल तर साखळी गप्प असते, घसरत असेल तर थरथरते. त्यानं हात ठेवला. साखळी तासन्‌तास थरथरत होती. मग खाली काहीतरी अडकलं, ताणलं गेलं, आणि एकदम सुटलं. त्यानंतर साखळी मुकी झाली. त्याच संध्याकाळपासून त्याचा घरी फोन लागेना. चार दिवसांनी जहाजावर कळलं की केबल तुटली. आणि घरी आल्यावर कळलं की त्याच नऊ दिवसांत बाप गेला. ज्या तारेतून बापाचा आवाज यायचा होता, ती माझ्या हातानं तोडली, असं तो आईला सांगत होता. म्हणून तो गळ्यात पडू देत नव्हता.

जबाब नोंदवला, वाचून दाखवला, सही घेतली. पण नुसत्या जबाबाला किंमत किती? कप्तानाचं लेखी एकीकडे आणि याचं तोंडी एकीकडे. पुराव्याचं विचारलं तर म्हणाला, जहाजाच्या इंटरनेटवरून रोज आईला आवाजी निरोप पाठवत होतो, त्यात सांगितलं होतं, पण एकही पोचला नाही. त्याचा स्वतःचा फोन बंदरावर कंपनीच्या एजंटानं काढून घेतला होता. मी म्हातारीचा फोन मागितला. नवरा गेल्या दिवशीच तिनं तो बंद करून त्याच्या पागोट्यात गुंडाळून पेटीत ठेवला होता. जो वेळेला बोलला नाही तो आता कशाला, असं तिचं म्हणणं. पहिला निरोप पाठवून महिना व्हायला तीन-चार दिवस उरले होते. मला तेव्हा माहीत नव्हतं, पण न पोचलेला निरोप महिनाभरच राखून ठेवला जातो; त्याहून उशीर झाला असता तर ते निरोप कायमचे गेले असते.

पंचांसमोर फोन चार्जिंगला लावला, सुरू केला. आधी काहीच नाही. मग एक टिंग. मग लागोपाठ. भर दुपारी, त्या रिकाम्या तांड्यात, नऊ दिवसांचे निरोप एकामागून एक येत राहिले, आणि ते पाठवणारा माणूस आमच्यासमोर भिंतीला टेकून बसलेला. हवालदारबाईंनी पहिला लावला. मागे वारा होता, लोखंडाची घरघर होती, आणि त्यावरून त्याचा आवाज आईला सांगत होता की जहाजावरच्या साहेबानं चालत्या जहाजात नांगर सोडायला लावला, मला भीती वाटते, बापूला फोन दे. शेवटच्या निरोपात शब्द नव्हते. नुसता कोणीतरी श्वास घेत होतं. म्हातारीनं फोनच्या पाठीवर हात ठेवला आणि तो थरथरतोय म्हणून पटकन काढून घेतला.

निरोपावर दिवस होता, वेळ होती. फोन मुद्देमालात जप्त केला, जबाबासोबत अहवाल पाठवला. पथकानं त्याला आरोपी केलं नाही, साक्षीदार केलं. अधिकाऱ्यानं तो हुकूम कोणाच्या सांगण्यावरून दिला, घातपात होता की बेफिकिरी, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. तो तपास माझा नव्हता.

माझा होता तो वेगळाच निघाला. निरोप तेव्हा का पोचले नाहीत याचा खुलासा पथकानं मागितला होता, म्हणून मी टॉवरच्या माणसांना पत्र लिहिलं. उत्तर आठवड्यात आलं. आमच्या भागातले फोन त्या केबलवर अवलंबून नव्हतेच. तांड्यामागचा टॉवर नऊ दिवस बंद होता, कारण त्याच्या बॅटऱ्या चोरीला गेल्या होत्या. नव्या बॅटऱ्या मिळायला गुन्हा नोंदल्याची प्रत लागते. पोलीस ठाण्यानं गुन्हा न नोंदवता नुसता अर्ज घेतला, म्हणून विलंब झाला; शेवटी दुसरीकडच्या जुन्या बॅटऱ्या तात्पुरत्या लावून टॉवर सुरू केला. सोबत अर्जाची प्रत जोडली होती. तिच्या कोपऱ्यात ‘चौकशीवर ठेवा’ असा शेरा आणि खाली माझी सही.

तो अर्ज आला तेव्हा महिनाअखेर होती. चोरीचे आकडे वाढले होते आणि बैठकीत खरडपट्टी झाली असती. अशी छोटी चोरी आम्ही गुन्हा न नोंदवता अर्जावरच ठेवत असू. सगळेच ठेवत. त्यात पाप आहे असं कोणाला वाटत नसे, मलाही नाही. मी ती प्रत किती वेळ पाहत बसलो ते आठवत नाही.

ते पत्र घेऊन मी एकटाच तांड्यावर गेलो. सांगितलं नसतं तरी चाललं असतं, कोणी विचारणार नव्हतं. पण तो अजून ताण पकडून उभा राहत होता. मी त्याला सगळं सांगितलं, माझ्या सहीसकट. तुझ्या हातानं घरचा आवाज तुटला नाही, असं सांगितलं. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. मग त्यानं तारेवरचा हात काढला आणि साधेपणानं विचारलं,

"सही करतानी तुमच्या हाताले काई लागलं नाई का साहेब?"

त्या दिवशी परत येऊन मी बॅटरी चोरीचा गुन्हा नोंदवला, आणि उशिरा नोंदल्याबद्दल वरून मेमो घेतला. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत एकही अर्ज चौकशीवर ठेवला नाही, असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. ठेवले. पण प्रत्येक वेळी सही करण्याआधी कागदावर तळहात टेकायची सवय लागली. ठाण्यातले लोक पाठीमागे हसत, साहेब कागदाचा ताप पाहतात म्हणत. काही वेळा हात उचलून मी तो अर्ज बाजूला काढला आणि ठाणे अंमलदाराला गुन्हा नोंदवायला सांगितलं.