बाबाचा साक्षीदार

आमच्या बाबाला पोलिसांनी नेलं तेव्हा तो नवा बैल धूत होता. दोन शिपाई आले, त्यांनी बैलाच्या पुठ्ठ्यावर डागलेली खूण पाहिली आणि म्हणाले, "चाल, तूही चाल अन् बैलही घे." बाबानं आपल्याच हातानं दावं सोडलं. गल्लीतून पुढे बैल, मागं बाबा, त्याच्या मागं शिपाई, आणि सगळी वस्ती दारात उभी. वरात पाहायला उभे राहावं तसे उभे होते मेले! एकानंही "काय झालं" म्हणून विचारलं नाही.

बहात्तरच्या दुष्काळात माय आणि बाबानं रस्त्याच्या कामावर खडी फोडली, पोटाला चिमटा घेऊन पैसा बाजूला ठेवला, त्यातून तो बैल आला होता. एक बैल घरी होताच. दुसरा आला आणि जोड झाली. आमच्या बौद्धांच्या वस्तीत स्वतःची बैलजोडी कोणाकडेच नव्हती. बाबा सकाळी उठून आधी गोठ्यात जायचा, मग तोंड धुवायचा. माय हसायची, "मले कधी इतकं पाह्यलं नाही तुमी!"

बाबाला बैलातलं काही कळायचं नाही. म्हणून बाजारात जाताना त्यानं शेजारच्या काकाला सोबत नेलं होतं. काका गावातल्या एका मोठ्या मालकाकडे सालदार होता, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबायचा. जनावरांतच त्याचा जन्म गेलेला. त्यानंच बैलाचे दात पाहिले, चालवून पाहिला, दलालाच्या उपरण्याखाली हात घालून बोटांवर भावही त्यानंच केला. बाजाराची चिठ्ठी, म्हणजे सौद्याची पावती, तेवढी घ्यायची राहिली. "तू हायेस ना संग, मंग चिठ्ठी कायले?" असं बाबा म्हणाला होता. दोघं लहानपणापासून एका ताटात जेवलेले, कोणाला वाटणार होतं?

बैल चोरीचा निघाला. आणि होता कोणाचा, तर त्या मालकाच्याच साळ्याचा. झालं! ज्यांच्या वस्तीत कधी बैलजोडी नव्हती त्यांच्या घरी चोरीचा बैल, म्हणजे चोर कोण हे गावानं चहाच्या टपरीवरच ठरवून टाकलं.

ठाणं तालुक्याला होतं. माय रोज भाकरी बांधून पायी निघायची, मला सोबत घ्यायची. जप्तीतला बैल ठाण्याच्या आवारात बांधलेला, त्याचा कडबाही आम्हीच न्यायचा. डोक्यावर कडबा, हातात भाकरी. शिपाई आधी भाकरी मोडून पाहायचा, आत काही लपवलं तर नाही म्हणून. मला भारी राग यायचा. पहिल्या दिवशी मी म्हटलंही, "खायाची असन तर सांगा, जास्तीची आनतो आमी." मायनं असा चिमटा काढला की बस! पण शिपाई हसला, आणि दुसऱ्या दिवसापासून आम्हाला गजाजवळ थोडं जास्त वेळ उभं राहू देऊ लागला.

हळूहळू ठाणंही कळायला लागलं. कोणाशी बोलावं, कोणापुढं उभंही राहू नये, ठाणेदाराचा चहा झाल्याशिवाय काही विचारू नये. तिथं एक म्हातारा जमादार होता, सदा खेकसणारा. एकदा माय पायरीवर बसून रडत होती, तर तिच्यावरही खेकसला. "अवो बाई, रडून काय होते? सौदा पाह्यलेला एक मानूस आन. एक मानूस येऊन बोलला तरी सायेब आयकते."

एकच माणूस हवा होता. आणि तो आमच्या भिंतीला भिंत लावून राहत होता.

मायनं गजातून बाबाला सांगितलं. बाबाचा चेहराच उजळला. "मंग काय चिंता? तो येईन. त्याले हात जोडाची गरज नाही, नुसता निरोप दे."

त्या संध्याकाळी काका अंगणात दोर वळत बसला होता. माय म्हणाली, "भाऊजी, उद्या आमच्या संग ठान्यात चाला." काकाचा हात थांबला. खाली मान घालून तो म्हणाला, "वयनी, मी त्या दिवशी बाजारात नव्हतो."

माय म्हणाली, "तुमीच तर दात पाह्यले वो!"

काका वळलेला दोर उलगडत राहिला. मग हळूच म्हणाला, "मालक म्हनते, ठान्याची पायरी चढला तर साल मोडलं समज. लेकरं हायेत माही." दाराआड काकी पदर तोंडात धरून रडत होती. मला वाटलं, तो दोर ओढून घ्यावा आणि चुलीत घालावा. मायनं मला दंडाला धरून घरी आणलं.

मग माय ज्यांनी ज्यांनी त्या दिवशी बाजार केला होता त्यांच्या दारी गेली. कोणी म्हणे, गर्दीत दिसलं नाही. कोणी म्हणे, "मोठ्या लोकांच्या भांडनात आमाले कायले वढता?" विहिरीवर आम्ही गेलो की बायकांचं बोलणं बंद पडायचं. कामरगावहून मामा एसटीनं आला, जेवला, म्हणाला, "बैल घ्याची एवढी घाई काहून केली?" आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेला. ठाण्यात निदान खेकसायला तरी कोणी होतं. गावात तेही नव्हतं.

आणि बाबा रोज विचारायचा, "तो आला नाही?"

"कामात हाय," माय म्हणायची. "उद्या येतो म्हनला." दुसऱ्या दिवशी तेच. मी परतीच्या वाटेवर भांडायचे, "खोटं कायले सांगतं? सांग ना त्याले, तुहा दोस्त भेकड हाय म्हून!" एके दिवशी माय रस्त्यातच थांबली. "तुह्या बापापाशी आत दुसरं काय हाय वं? तेवढ्यावर तर तो भाकर खाऊन राह्यला," ती म्हणाली. पुढं मी भांडले नाही.

आठवड्याभरानं तो दलाल दुसऱ्याच कुठल्या बाजारात, दुसऱ्याच चोरीच्या बैलासकट सापडला. त्यानं सगळं कबूल केलं. बैल मालकाच्या साळ्याकडे गेला, आणि बाबाला सांगितलं, जा. बाबा बाहेर आला, उन्हानं डोळे मिचकावत उभा राहिला. आणि पहिलं काय विचारलं असेल? "तो येऊन सांगून गेला ना?"

जमादार काही बोलणार, तेवढ्यात माय म्हणाली, "हो. येऊन गेला. म्हनून तर सोडलं."

जमादारानं मायकडे पाहिलं आणि गुपचूप पान तोंडात टाकलं.

बाबा घरी आलाच नाही, सरळ काकाच्या अंगणात गेला. सगळी वस्ती पाहत असताना त्यानं काकाला मिठी मारली. "तुह्यामुळं वाचलो रे! साऱ्या गावात तू एकटा निघाला." काका लाकडासारखा उभा. मग त्याचा बांध फुटला, लेकरासारखा हुंदके देऊन रडला तो. बाबाला वाटलं, जिव्हाळ्यानं रडतोय. त्याची पाठ थोपटत राहिला. माय आमच्या दारातून आत निघून गेली.

त्या दिवसानंतर काका आमच्या घरी आला नाही. आधी दिवसाआड येऊन जेवणारा माणूस, त्यानं विहिरीची वाटही बदलली. विहारात वंदनेला बाबा पुढं बसला की हा पार मागं, भिंतीला. बाबा हाक मारायचा, काका "कामावर चाललो" म्हणून सटकायचा. पोळ्याला बाबानं दोनदा निरोप पाठवला. ताट वाढून ठेवलं. कोणी आलं नाही.

त्या रात्री चुलीपुढं बसून बाबा मायला म्हणाला, "आता समजलं मले. लॉकपमधून आलेल्या मानसाच्या घरी कोन जेवन? ज्यानं सोडवलं, त्यालेच माही लाज वाटते."

मायनं तोंड उघडलं. मी तिच्या समोरच होते, मला दिसलं, ती सांगणार होती. पण सांगणार काय? की त्याला तुमची लाज वाटत नाही, तो आलाच नव्हता? की साऱ्या गावातून एकही माणूस आला नव्हता?

तिनं ताट बाबाच्या पुढं सरकवलं. "जेवा," ती म्हणाली.

बाबा जेवला नाही.