बटणाचं माहेरचं नाव

धुळ्यात मी टिकलो तो अक्कांमुळे, हे आधी सांगतो. आमच्या शेठच्या कॉम्प्युटर दुकानात पुढच्या खोलीत क्लास घेणाऱ्या त्या बाई. माहेर जामनेरकडचं, सासर धुळ्यात. मी त्याच बाजूच्या पहूरचा, शाळा अर्धवट सोडलेला. "आमच्याकडचा आहे," एवढ्यावर त्यांनी शेठकडे शब्द टाकला आणि मागच्या खोलीत प्रोग्रॅम लिहायला मला खुर्ची मिळाली. जे काही शिकलो, तेही त्यांच्या क्लासच्या दारात उभं राहून.

काम होतं एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, गेटवरच्या प्रोग्रॅमचं. कापसाची गाडी आत आली की एक बटण, वजनाला एक, पावतीला एक. व्हिज्युअल बेसिकमध्ये फॉर्मवर बटणं ओढून ठेवायची आणि प्रत्येकामागे कोड लिहायचा. ते मी केलं होतं, चालतही होतं. शेठ बघून गेले आणि म्हणाले, "कमांड वन, कमांड टू काय ठेवलंय? नीट नावं दे बटणांना. उद्या दुसऱ्यानं बघितलं तर कळायला नको?" मी मान हलवली आणि कॉम्प्युटरनं आपोआप दिलेली ती नावं बदलली.

दुसऱ्या दिवशी एकही बटण चालेना. दाबलं की आत जायचं, वर यायचं, बस्स. चूक दाखवली असती तर ती ओळ पिवळी झाली असती, कुठं बघायचं ते कळलं असतं. हे मुकंच. कोड वरून खाली वाचला, सगळं जागच्या जागी. मध्येच वीज गेली, आली, पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. डोळे चुरचुरत होते. संध्याकाळी शेठ ते जिनिंगवर नेणार होते, आणि मला ठेवायचं की परत पाठवायचं हे त्यावर ठरणार होतं. मी तर कायम झालो म्हणून घरी सांगून बसलेलो.

कोपऱ्यात प्रिंटर दुरुस्त करणारे नाना बसायचे, धुळ्याचेच. ते त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "काय रे भो, बठ्ठं लिखेल शे ना? मंग का चालस नही?"

"सगळं लिहिलंय, तरी का चालत नाही तेच कळत नाही, नाना."

"मंग पूजा कर बटनले. नारळ मी आणसू."

हसायचंही त्राण नव्हतं.

क्लास सुटल्यावर अक्का डबा घेऊन आत आल्या. "जेवलास का?"

"बटणं चालत नाहीत, अक्का."

"ते नाही विचारलं मी." तरी त्या बसल्या. "बटणावर दोनदा क्लिक कर बघू."

मी हात आखडला. मागे चुकून असंच दोनदा दाबलं गेलं, कोडात नको ते उमटलं आणि शेठ ओरडले होते. तेव्हापासून मी कोड मेनूतूनच उघडायचो. शेवटी अक्कांनीच क्लिक केलं. समोर दोन ओळी आल्या, एक सुरुवातीची, एक शेवटची. मधे काहीच नाही.

"माझा कोड गेला?"

"आहे रे, तिथंच पडलाय. जुन्या नावानं. नावं कधी बदललीस?"

"कोड लिहून झाल्यावर."

त्या हसल्या. "लग्नात माझं नाव बदललं. पहिल्या दिवाळीला वडील न्यायला आले, ते गल्लीभर माहेरच्या नावानं विचारत फिरले. लोक म्हणाले, अशी कोणी इथं राहत नाही. मी त्याच गल्लीत नळावर पाणी भरत होते. बटणाचं नाव तू बदललंस, पण कोडला कोण सांगणार? तो अजून जुन्या नावाचं बटण शोधतोय."

मग एकेका कोडाच्या वरचं नाव बदलत गेलो. पावतीचं बटण दाबलं आणि नानांसमोरचा प्रिंटर करकरला.

"नारळ वाची गया!" नाना ओरडले.

संध्याकाळी शेठ जाताना एवढंच म्हणाले, "उद्या वेळेवर ये." मी अक्कांच्या डब्यातली भाकरी खात होतो. त्यांचे वडील त्यांना शेवटी भेटले कसे, हे विचारायचंही सुचलं नाही.

रोज हजेरी घेऊन घसा कोरडा पडतो, असं अक्का म्हणतात. त्यांना हजेरीचा प्रोग्रॅम करून द्यायचा, हे त्याच दिवशी मनाशी धरलंय. अजून झालेलं नाही. खोलीवर येतो तो दमून पडतो. पण देणार, नक्की देणार. उघडल्यावर पहिल्याच पडद्यावर त्यांचं माहेरचं नाव असेल. ते नाव काय, हे आधी त्यांना विचारायला हवं.